नेलाचा चौथा मजला

नेला डेअरीत दुधाचे कॅन धुवायची आणि कॅन धुताना हॅट घालायची. निळ्या फेल्टची, एका कानावर कललेली. आमच्या लिपोवोत बायका रविवारी चर्चलासुद्धा डोक्याला रुमाल बांधून जातात. अशा गावात गमबूट घालून, वाफेच्या नळीशी झगडत, डोक्यावर हॅट मिरवणारी बाई काय सिद्ध करायला बघत होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. ती वॉर्साची होती. म्हणजे ती तसं सांगायची. "आमच्या वॉर्सात बायका अशा गावंढळासारख्या कामावर जात नाहीत," असं ती रोज एकदा तरी म्हणायची. तिने वॉर्सा शेवटचं पाहिलं तेव्हा ती सहा वर्षांची होती. बायकांच्या डोक्यावर काय होतं हे त्या उंचीवरून तिला कितपत दिसलं असेल देव जाणे.

मी डेअरीचा ड्रायव्हर. सकाळी गावोगावचं दूध आणायला ट्रक, आणि सहल, लग्न, मयत असलं की बस. नेला मला आवडायची नाही. नाक वर करून चालणारी माणसं मला एकूणच आवडत नाहीत. पण ती खोटं बोलते असं मात्र मला कधी वाटलं नाही. ज्याला खोटंच बोलायचं असतं तो जरा बरं खोटं बोलतो. बाप वकील होता, घरात पियानो होता, असलं ती कधी म्हणाली नाही. ती सांगायची ते एवढंच: पिव्ना गल्ली, सव्वीस नंबर, आतलं अंगण, चौथा मजला. अंगण इतकं खोल की ऊन फक्त भर दुपारी खाली उतरायचं. मधोमध हातपंप. भिंतीतल्या कोनाड्यात मेरीमाता, आणि युद्धाच्या दिवसांत संध्याकाळी सगळे भाडेकरू तिच्यापुढे जमून प्रार्थना म्हणायचे. लाकडी सज्जे, दोऱ्यांवर वाळणारे कपडे, आणि चौथ्या मजल्यावर शिवणयंत्राशी बसलेली आई. कधी हरवली तर सांगता यावं म्हणून त्या आईने पोरीकडून पत्ता पाठ करून घेतला होता. सदतीस वर्षांची झाली तरी नेला तो तसाच म्हणायची, एका दमात, मास्तरांनी उभं केल्यासारखा.

हरवली ती हरवलीच. जर्मनांनी शहर जाळलं, आई त्यात गेली, आणि पंचेचाळीसच्या हिवाळ्यात अनाथ पोरांच्या गाडीतून नेला आमच्या गावच्या तळ्याकाठच्या अनाथाश्रमात येऊन पडली. तिथेच तिचं नशीब फुटलं. कारण त्या आश्रमात दोन तऱ्हेची पोरं होती. काही वॉर्साकडून आलेली, आणि काही इथलीच, जर्मन. आमचा सगळा मुलूख तोवर जर्मनीत होता. रशियन फौजा आल्या तशा जर्मन बाया पोरं काखोटीला मारून बर्फातून पळाल्या, कितीतरी वाटेतच गेल्या, पोरं मागे राहिली. या पोरांना पोलिश नावं दिली गेली आणि सांगितलं गेलं की तोंड उघडायचं नाही. आणि नेला वर्षभर एक शब्द बोलली नाही. भीतीने म्हणा, आणखी कशाने म्हणा. वर्षाने तिची वाचा परतली तेव्हा पहिलं बाहेर पडलं ते पिव्ना गल्ली, सव्वीस नंबर. लोक म्हणाले, पढवलीय.

लोक म्हणजे तरी कोण? इथलं कोणी नव्हतंच. पूर्वेकडून हाकललेले, मध्य पोलंडमधून जमिनीच्या आशेने आलेले, सगळे कालपरवाचे. इथला जुना म्हणावा तर मी. आमचं घराणं माझुरी, शेकडो वर्षं याच तळ्याकाठचं. घरात अर्धी बोली पोलिश, अर्धी जर्मन. माझं नाव एवाल्ड, सरकारी कागदावर एडवर्ड. मला सगळे 'श्वाब' म्हणायचे. जर्मन माणसाला आमच्याकडे शिवी द्यायची तर हा शब्द पुरतो. मला तोंडावर म्हणायचे, नेलाला पाठीमागे. तोंडावरची शिवी परवडते, अशा शिवीला निदान उलटून काही बोलता येतं.

आता झेनोबियाबद्दल सांगतो. लोण्याच्या विभागाची ती मुख्य, दणकट बाई, आवाज भोंग्यासारखा. तिचं घर, शेत, सफरचंदाची बाग, सगळं पूर्वेला राहिलं, आता रशियाच्या हद्दीत. त्याआधी जर्मनांनी तिचे दोन भाऊ तिच्याच घरच्या खळ्याच्या भिंतीशी उभे करून गोळ्या घातल्या होत्या. तेव्हा ती बारा वर्षांची होती आणि तिने ते पाहिलं होतं. तेव्हा तिचा राग खोटा होता असं मी म्हणणार नाही. फक्त तो कुणावर काढायचा ते तिने सोयीने ठरवलं होतं. वड्याचं तेल वांग्यावर.

तिचा एकुलता एक मुलगा वितेक डेअरीत मेकॅनिक होता. यंत्रापुढे वाघ, आईपुढे मांजर. आणि नेलाची एकुलती एक मुलगी इर्का, एकोणीस वर्षांची, गोरी, हसरी. बाप लहानपणीच गेला होता, गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला गेला आणि बर्फ खचला. तर या दोघांचं जमलं. सगळ्या गावाला कळलं, आणि मग आमच्या पद्धतीप्रमाणे मुलाकडच्यांनी वोडकाची बाटली आणि पाव घेऊन मुलीच्या दारी मागणी घालायला जायचं, ते बाकी राहिलं. नेलाने ईस्टरला घराला रंग दिला. पडदे धुतले. केक भाजला. कोणी आलं नाही. पुढच्या रविवारी पुन्हा केक भाजला.

शेवटी मे महिन्यात, डेअरीच्या कॅन्टीनमध्ये, सगळे सूप पीत बसलेले असताना नेला उठून झेनोबियाच्या टेबलाशी गेली.

"झेनोबियाबाई, पोरांचं काय ठरवताय?"

"कुठल्या पोरांचं?" झेनोबियाने चमचा खाली ठेवला नाही.

"माझी इर्का आणि तुमचा वितेक."

"माझ्या घरात दोन फोटो आहेत भिंतीवर. माझ्या भावांचे. त्यांच्या खाली मी श्वाबांची नात माझी सून म्हणून बसवू?"

तीस वर्षं जे पाठीमागे चाललं होतं ते पहिल्यांदाच तोंडावर आलं होतं.

"मी वॉर्साची आहे," नेला म्हणाली. "जुन्या शहरातली. पिव्ना गल्ली, सव्वीस..."

"पुरे! पाठ आहे आम्हाला. गावातल्या कुत्र्यांनासुद्धा पाठ आहे." झेनोबिया उठून उभी राहिली. "जूनमध्ये आपली सहल वॉर्साला चाललीय. या ना बरोबर. दर वेळी बरं तुमचं पोट दुखतं! मी बाटली घेऊन येते, पाव घेऊन येते. घर दाखवा, तिथल्या तिथे उंबऱ्यावर मागणी घालते, सगळ्यांच्या साक्षीने. आईच्या थडग्याची शपथ."

"आणि नाही सापडलं तर?" मागून कोणीतरी विचारलं.

"तर वितेक यांच्यापुरता मेला."

नेलाने मान हलवली. दुसरं करणार काय? पण तिचा चेहरा मी पाहिला, ताकासारखा पांढरा. सहल याआधी दोनदा वॉर्साला गेली होती आणि दोन्ही वेळा ती आजारी पडली होती. बाकी सगळे बसमध्ये चढले होते, नेला नाही. का येत नाही तुम्ही, असं मी तेव्हा विचारलं होतं, तर म्हणाली होती, "गेले नाही तोवर ते आहे, एवाल्ड."

सहलीच्या दिवशी उजाडता उजाडता निघालो. उकडलेली अंडी, पावात घातलेले कटलेट, खारवलेल्या काकड्या, थर्मासमधला चहा, बसमध्ये नेहमीचा वास. झेनोबिया पहिल्या सीटवर, मांडीवर पिशवी. पिशवीतून बाटलीची मान बाहेर, तिला भरतकामाचा पांढरा रुमाल बांधलेला. तो तिच्या गमावलेल्या घरातून आणलेला रुमाल होता. तिने तो खरंच आणला होता, म्हणजे शपथ खरी होती. माझ्या पाठीमागे नेला आणि इर्का. आरशात मला दोघी दिसत होत्या.

"आई, मी वितेकला सांगून आलेय," इर्का म्हणाली. "संध्याकाळी बस थांबते तिथे ये म्हटलं. लाल शर्ट घालून."

"येऊ दे."

"तू घाबरलीयेस?"

"मी? माझ्याच घरी जायला? ऐक, आधी एक मोठी कमान लागते, अंधारी. तिच्यातून आत गेलं की पावलांचा आवाज घुमतो. मग पंप. पंपाचा दांडा डाव्या बाजूला वाकलेला. तू हात लावून बघ."

"एकतीस वर्षांनी दांडा वाकलेलाच असणार का गं?" झेनोबियाने मागे न बघता विचारलं, आणि बस हसली. मी गाडी मुद्दाम खड्ड्यातून घातली.

वॉर्साला पोचलो तेव्हा लख्ख ऊन होतं. गाइड वाट बघत होती, तरुण पोरगी, गळ्यात स्कार्फ, बोलणं टेपरेकॉर्डरसारखं घोटलेलं. तिने आम्हाला चौकात उभं केलं. चहूबाजूंनी घरं, पिवळी, गुलाबी, हिरवी, खिडक्यांत जिरेनियमच्या कुंड्या, भिंतींवर नक्षी, कालच रंगवल्यासारखी. आमच्या बायका "आई गं!" करून बघत राहिल्या. नेला चौकाच्या कडेला उभी होती. ती घरांकडे बघतच नव्हती. आकाशाकडे बघत होती.

"इतकं ऊन कुठून आलं?" ती म्हणाली.

"हा सगळा विटांचा ढीग होता," गाइड सांगत होती. "शत्रूने एकही घर उभं ठेवलं नव्हतं. आपल्या लोकांनी ते जसंच्या तसं उभं केलं. दोनशे वर्षांपूर्वीची चित्रं होती, त्यांत प्रत्येक खिडकी, प्रत्येक छप्पर दाखवलेलं होतं. त्याबरहुकूम! जे पाहताय ते अगदी मूळचं आहे."

आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. झेनोबियाने तर डोळे पुसले, आणि ते नाटक नव्हतं. मी मात्र एका भिंतीला हात लावून उभा होतो. एकोणपन्नास साली आमच्या लिपोवोच्या चौकातली जळकी घरं पाडून विटा काढल्या गेल्या, मीच त्या वॅगनमध्ये भरल्या, माझ्या आज्याच्या दुकानाच्यासुद्धा. कुठे चालल्या विचारलं तर सांगितलं, वॉर्सा बांधायला. आता त्या इथेच कुठेतरी गिलाव्याखाली होत्या आणि अस्सल मूळच्या होऊन बसल्या होत्या. त्यांना कोणी श्वाब म्हणत नव्हतं.

"चला नेलाबाई," झेनोबिया म्हणाली. "पुढे व्हा. हॅट दिसू दे आम्हाला, म्हणजे हरवणार नाही."

पिव्ना गल्ली सापडायला वेळ लागला नाही, कोपऱ्यावर पाटीच होती. सव्वीस नंबरही होता. नेला त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि आम्ही बावीस जण तिच्या पाठीमागे. अरुंद, फिकट हिरवं घर. खाली अंबरच्या माळांचं दुकान. दारावर दगडी फुलांचा गोफ. आणि मजले तीन. मी मोजले, सगळ्यांनी मोजले. तीन, आणि वर लाल छप्पर.

"कमान?" झेनोबियाने विचारलं.

कमान नव्हती. जिथे असायला हवी होती तिथे दुकानाची काच होती.

"आतून असेल," नेला म्हणाली. "अंगण मागे आहे. मागे चला."

दोन घरं सोडून एक बोळ होता, त्यातून आम्ही मागे गेलो. मागे अंगण नव्हतं. मागे हिरवळ होती. मोठी, मोकळी, उन्हाने भरलेली हिरवळ, चार बाकं, दोन लहान झाडं, आणि एक बाबागाडी. पंप नाही, सज्जे नाहीत, मेरीमाता नाही. एका बाकावर साठीची एक बाई विणत बसली होती.

नेला तिच्याकडे जवळजवळ धावतच गेली. "बाई, तुम्ही इथल्या का?"

"इथलीच की. या सव्वीस नंबरातच."

"मग इथलं आतलं घर? चार मजल्यांचं? अंगणात पंप होता."

"पंप?" बाईने विणकाम मांडीवर ठेवलं. "कसला पंप? घरात नळ आहेत, आंघोळीला गरम पाणी आहे. माझे यजमान गिलाव्याच्या टोळीचे नायक होते, चोपन्न साली खोली मिळाली आम्हाला. पहिल्या दिवसापासून आहोत. इथे बाग आहे पहिल्यापासून."

"पहिल्यापासून," झेनोबिया मोठ्याने म्हणाली, मागच्यांना ऐकू जावं म्हणून.

"त्याआधी," नेला म्हणाली. "युद्धाआधी!"

"ते मला काय माहीत? आम्ही लुब्लिनकडचे."

झेनोबियाने गाइडला हाक मारली. "अहो बाई, तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्हीच सांगा. या सव्वीस नंबराला चौथा मजला होता का?"

गाइडने हातातलं पुस्तक उघडलं, पान शोधलं. "सव्वीस... नाही. मूळ चित्रात तीनच मजले आहेत."

"आणि मागे घर?"

"चित्रात मागे काही नाही."

"झालं तर मग."

मला राहवलं नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, म्हणतात तसं झालं. मी पुढे होऊन म्हणालो, "अहो, चित्र दोनशे वर्षांपूर्वीचं! ही बाई अडतीस सालची. मधल्या दीडशे वर्षांत कुणी मजला चढवला नसेल? मागे भाड्याच्या चाळी बांधल्या नसतील? गरिबांची घरं पुन्हा कोण बांधणार? पुढचा भाग उभा केला, कचरा काढून टाकला!"

गाइड गोंधळली. काही तसं झालंही असेल, असं काहीतरी पुटपुटायला तिने तोंड उघडलं होतं, मी शपथेवर सांगतो. पण झेनोबिया तिच्या आधी बोलली. ओरडून नाही, हळू. ती हळू बोलली की जास्त लागायचं.

"बघा. एवढ्या लोकांत हिच्या बाजूने बोलायला कोण उठलं? एवाल्ड. श्वाबाची वकिली करायला श्वाबच उठला. रक्त रक्ताला ओळखतं."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग नेलाकडे. तोवर त्यांच्यातल्या दोघातिघांच्या मनात थोडी शंका होती, ती माझ्यामुळे गेली. मी गप्प बसलो असतो तर गाइड बोलली असती. आणि गाइडचं त्यांनी ऐकलं असतं.

नेला मात्र आमच्यात नव्हतीच. ती हिरवळीवर चालत होती, मान खाली घालून, पाय दाबत दाबत, जमिनीखाली काही टणक लागतं का बघत. मध्यावर आली आणि वाकून हातांनी गवत बाजूला करू लागली. "इथे," ती म्हणाली. "इर्का, ये, इथे. दांडा इकडे होता."

"ओ बाई!" बाकावरची विणणारी ओरडली. "गवतावर चालायचं नाही! पाटी दिसत नाही? कुठून येतात असले लोक!"

आमचे लोक हसले. बावीस माणसांचं हसणं त्या मोकळ्या बागेत चांगलंच ऐकू गेलं असणार, कारण वरच्या खिडक्या उघडल्या आणि जुन्या शहरातले रहिवासी कुंड्यांमधून खाली बघू लागले.

इर्का आईजवळ गेली. मला वाटलं, हात धरून उठवेल. ती उभीच राहिली.

"आई, ऊठ."

"अगं, इथेच..."

"आई, एक खरं सांग. तुला हे आठवतं, की तुला कुणी सांगितलं होतं?"

नेलाने वर पाहिलं. गुडघ्यांना माती, हाताला माती. ती लगेच उत्तर देईल असं मला वाटलं होतं. पत्ता ती झोपेतही सांगायची. पण ती पोरीकडे बघत राहिली, मग त्या तीन मजली घराच्या पाठीकडे, मग परत पोरीकडे.

"आठवतं," ती म्हणाली. पण फार उशिरा म्हणाली. इर्का पाठ फिरवून बोळाकडे चालू लागली होती.

परतीच्या वाटेवर इर्का मागे जाऊन बसली, खिडकीला डोकं टेकून. नेला माझ्यामागे एकटी. शहर सुटलं तशी झेनोबियाने पिशवीतून बाटली काढली, रुमाल सोडून नीट घडी करून ठेवला, आणि बूच उघडलं.

"आणलीच आहे तर वाया कशाला घालवायची?" ती म्हणाली. "चला, ग्लास काढा!"

पाव तोडला, काकड्या निघाल्या, गाणी सुरू झाली. ग्लास फिरत फिरत पुढे आला. झेनोबियाने तो काठोकाठ भरला आणि नेलापुढे धरला.

"घ्या नेलाबाई. तुमच्यावर राग नाही माझा. पोर होतात तुम्ही, तुम्ही काय केलंत? फक्त वॉर्सा वॉर्सा आता पुरे. आणि ती हॅट काढा, मागच्यांना रस्ता दिसत नाही."

सगळी बस बघत होती. नेलाने हॅट काढून मांडीवर ठेवली. मग ग्लास घेतला आणि प्यायली, पूर्ण. जिच्या पोरीची मागणी त्या बाटलीने व्हायची होती तिने ती तशी प्यायली. बसमध्ये टाळ्या झाल्या. मी आरसा वर फिरवला.

लिपोवोला बस थांबली तेव्हा वितेक उभा होता, लाल शर्ट घालून. झेनोबिया उतरली, त्याच्या दंडाला धरलं आणि घेऊन गेली. त्याने एकदा मागे वळून पाहिलं, एवढंच. महिना संपायच्या आत इर्का ग्दिनियाला मासळीच्या कारखान्यात लागली. जाताना आईला म्हणाली, ख्रिसमसला येईन. त्या ख्रिसमसला काय, कुठल्याच ख्रिसमसला आली नाही. वितेकचं लग्न सुगी आटोपल्यावर फॉरेस्टरच्या मुलीशी झालं. वऱ्हाडाची बस मीच चालवली.

अलीकडे काही वर्षं आमच्याकडे उन्हाळ्यात पश्चिम जर्मनीहून बस येऊ लागल्या होत्या. इथून पळालेले म्हातारे त्यांतून येतात, आपलं जुनं घर शोधतात, फाटकाशी उभे राहून रडतात, मूठभर माती रुमालात बांधतात, आत राहणाऱ्यांना कॉफी आणि चॉकलेट देतात आणि जातात. सप्टेंबरमध्ये तशी एक बस येणार होती. आदल्या दिवशी नेला गॅरेजमध्ये माझ्याकडे आली.

"एवाल्ड, मला एक वाक्य शिकवा. जर्मनमध्ये."

"कसलं?"

"मला ओळखता का? मी इथेच हरवले."

मी चिडलो. हातातला पाना फेकला. "वेड लागलंय का तुम्हाला? तुम्ही वॉर्साच्या आहात!"

"तुम्हाला काय माहीत?" ती म्हणाली. "मला तरी काय माहीत? तिथे काहीच नव्हतं, एवाल्ड. मी पाय दाबून पाहिलं. काहीच लागलं नाही. कुठलीतरी असेनच ना मी? वॉर्साची नसेन तर इथली असेन."

मी शिकवलं. संध्याकाळपर्यंत ती ते वाक्य घोकत राहिली, एका दमात, न चुकता.

दुसऱ्या दिवशी चर्चसमोर बस उभी राहिली. मी समोरच माझी गाडी धूत होतो. म्हातारे उतरले. नेला चांगला कोट घालून आली होती, हातात अनाथाश्रमात काढलेला सात वर्षांची असतानाचा फोटो. एकेकापुढे जाऊन ती फोटो धरायची आणि वाक्य म्हणायची. बहुतेक जण हसून बाजूला व्हायचे. एका करड्या केसांच्या बाईने मात्र फोटो हातात घेतला. बराच वेळ पाहिला. नवऱ्याला बोलावलं. नेला हात जोडल्यासारखे छातीशी धरून उभी होती. ती बाई नवऱ्याशी जर्मनमध्ये बोलली ते मला स्पष्ट ऐकू आलं.

"उच्चार ऐकलास ना हिचा? पोलिश आहे. आपल्यातली असती तर एवढं तरी नीट आलं असतं. यांना काहीतरी हवं असतं, दुसरं काय. कॉफी दे आणि चल."

फोटो परत आला, त्याच्यावर कॉफीचा पुडा. ते दोघे गेले. नेला रस्ता ओलांडून माझ्याकडे आली.

"काय म्हणाली? इतका वेळ बघत होती. काय म्हणाली ती?"

"म्हणाली, तुम्ही पोलिश आहात."

"खरं?"

"देवाशपथ. नवऱ्याला सांगितलं तिने. आमच्यातली नाही, पोलिश आहे, म्हणाली."

नेलाच्या चेहऱ्यावर रंग आला. किती महिन्यांनी आला असेल. "म्हणजे त्यांनीच सांगितलं," ती म्हणाली. "जर्मनांनी स्वतः. मग आता तर... तुम्ही ऐकलंत ना? तुम्ही झेनोबियाला सांगाल? आत्ता चर्चमधून निघेल ती."

"सांगतो. पण वितेकचं लग्न झालं, नेलाबाई. आणि सांगणार कोण, तर मी. साक्षीदार कोण, तर जर्मन. ऐकेल का कोणी?"

तिने माझ्याकडे पाहिलं. आधी नुसतंच, मग वरपासून खालपर्यंत. तीस वर्षांत तिने मला कधी तसं पाहिलं नव्हतं, बाकी सगळ्यांनी पाहिलं होतं. मग तिने पाठ ताठ केली आणि कॉफीचा पुडा माझ्या ओल्या बॉनेटवर ठेवला.

"घ्या," ती म्हणाली. "तुमच्या लोकांनी दिलीय. मला नको श्वाबांचं काही."

आणि गेली. मी कॉफी घरी नेली. चांगली होती, महिनाभर पुरली.